हारामागचा हिरवा दिवा

गजेंद्र आता मोहगावच्या रस्त्यावर संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकतो. सकाळी जातो, दुपारी डबा खातो, पुन्हा ठोकतो. कोणी मोबाईल पुढे केला, "गजूभाऊ, हे जरा बघा ना, चालून नाही राहिलं," तर मान हलवतो.

"मले नाही येत."

त्याला येतं. पांढुर्णा आणि सौंसर मिळून त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं.

आम्ही पांढुर्ण्याच्या एकाच शाळेत शिकलो. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. झालो. त्यानं नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचा एक वर्षाचा कोर्स केला. तो आधी परतला आणि त्याला काम मिळालं. मला अजून मिळायचं आहे. कुठे जाताना तो मला गाडीवर मागे बसवायचा. "चाल बे साहित्यिक, वायर पकडायले तरी कामी येशील."

त्याचं अक्षर सुंदर होतं. प्रत्येक वायरीला तो कागदाची चिठ्ठी बांधायचा आणि त्यावर लिहायचा, कुठून आली, कुठे जाते. कुठेही गेला की आधी एकच प्रश्न विचारायचा. "काल-परवा काय बदललं?" लोक म्हणायचे, काहीच नाही. तो हसायचा. बिघाड आभाळातून पडत नाही, म्हणायचा. कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं. ते सापडलं की काम झालं.

उर्मिला मॅडमची रक्त तपासायची लॅब पांढुर्ण्यात आहे. सौंसरला त्यांची एक खोली आहे. तिथे अलकाबाई बसतात. सकाळी रक्त काढतात, नळ्या बर्फाच्या डब्यात घालून बसनं पांढुर्ण्याला पाठवतात. दोन्हीकडचे कॉम्प्युटर पांढुर्ण्यातल्या एका मशीनशी जोडलेले. जिन्याखालच्या खोलीत, नळ्यांच्या फ्रीजशेजारी ती असायची. पेशंटला नंबर देणं, आकडा लिहून ठेवणं, मागितला की दाखवणं, सगळं तिच्याकडे. गजेंद्रनं ती आठ वर्षांपूर्वी बसवली होती. ते त्याचं गावातलं पहिलं काम.

बुधवार हा पातळ रक्तवाल्यांचा. हृदयात बसवलेली झडप असली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त घट्ट झालं तर गाठ होते. फार पातळ झालं तर आतल्या आत वाहतं. म्हणून दर महिन्याला तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे. खाली गेला तर गोळी वाढवायची, वर गेला तर डॉक्टरला विचारायचं. हे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. या लोकांच्या नंबरांना मागे 'ब' असतो.

खेड्यातली माणसं आकड्यासाठी पुन्हा सौंसरला येत नाहीत. गुरुवारी फोन करतात आणि पावतीवरचा नंबर सांगतात. अलकाबाई यादीत नंबर बघून आकडा वाचतात. यादीत नाव नसतं. नाव त्या विचारतही नाहीत. मी एकदा कारण विचारलं होतं.

"अहो, एका गावात चार मनकर्णा निघतात," त्या म्हणाल्या. "नंबर एकच निघतो."

गेल्या वर्षी पितृपक्ष संपायच्या सुमाराला जुनी मशीन थकली. मॅडमनी नवी आणली. जेवणाच्या डब्याएवढी, आवाज न करणारी. गजेंद्रनं एका रविवारी सगळं नव्या मशीनवर नेलं. पत्ता मात्र जुनाच ठेवला. मला समजावून सांगितलं, "घर बदललं, पण पत्ता तोच. म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरले काही सांगायची गरजच नाही. ते जुन्याच पत्त्यावर येतील अन् नव्या घरात शिरतील."

जुनी मशीन त्यानं बंद केली, पण हलवली नाही. पंधरा दिवस तशीच ठेवायची हा त्याचा नियम होता. नवीनमध्ये काही गडबड निघाली तर एक बटण दाबून परत जुन्यावर येता येतं. म्हणून वायरही काढली नाही. "बंदच तर आहे," म्हणाला. वर चिठ्ठी चिकटवली. चालू करू नये.

दोन बुधवार नव्या मशीनवर नीट गेले. दुसऱ्या बुधवारी नवमी होती. गुरुवारी दसरा आला.

लॅबमध्ये दसऱ्याला अवजारांची पूजा असते. सुया, नळ्या, सूक्ष्मदर्शक, सगळं पुसून मांडतात. जिन्याखालच्या खोलीत मॅडम स्वतः हार घालतात. मीही गेलो होतो, प्रसादासाठी. मॅडमनी जुन्या मशीनकडे बोट केलं.

"गजू, हिला बाजूला सारायचं का? हिचं काम तर संपलं."

"राहू द्या मॅडम. आठ वर्षं राबली बिचारी. एक शेवटची पूजा तिचीबी."

"मग अशी मेल्यासारखी? बंद अवजाराची पूजा करतात का?"

"खरी गोष्ट." गजेंद्रनं चिठ्ठी वर केली आणि बटण दाबलं. जुना पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. "पाहा, बोलली."

सगळे हसले. मीही. मॅडमनी दोघींना कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, झेंडूचे हार घातले. जुनीचा हार जाड होता. दिवा त्याच्याखाली गेला.

"आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याच्या दिवशी कोणी हलवत नाही. गजेंद्र म्हणाला, उद्या येऊन बंद करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच अलकाबाईंचा फोन आला. सौंसरचा कॉम्प्युटर अडकून राहिला, लवकर या. तो तसाच सौंसरला गेला. जुनी मशीन त्याच्या डोक्यातून गेली.

पुढचे दहा दिवस त्याचे फार वाईट गेले. बिघाड असा, की कधी चालायचं, कधी नाही. सकाळी घेतलेलं नाव दुपारी दिसायचं नाही. संध्याकाळी पुन्हा दिसायचं. सौंसरचं चालायचं तेव्हा पांढुर्ण्याच्या काउंटरचं अडायचं. तो जाऊन नवी मशीन बंद करून चालू करायचा आणि सगळं सुरळीत व्हायचं. तो घरी पोचेपर्यंत पुन्हा फोन.

त्यानं वायरी बदलल्या. वायरी जिथे एकत्र येतात तो डबा बदलला. सौंसरची लाइन तपासली. नव्या मशीनवर त्याचा संशय होता. "नवीन आहे ना, रुळून नाही राहिली."

त्याचा नेहमीचा प्रश्न त्यानं सगळ्यांना विचारला. दसऱ्यापासून काय बदललं? मॅडम म्हणाल्या, काही नाही. अलकाबाई म्हणाल्या, काही नाही. मलाही विचारलं. मी म्हणालो, काही नाही. आमच्यापैकी कोणीही खोटं बोललं नाही. पूजा दरवर्षी होते. तिला कोण बदल म्हणेल?

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दुपारी त्यानं नव्या मशीनचा जोड बदलला आणि ती पुन्हा चालू केली. अर्ध्या तासानं अलकाबाईंचा फोन आला.

"गजूभाऊ, आता मस्त चालून राहिलं. काय केलं तुम्ही?"

तो खूश झाला. आम्ही स्टेशनसमोर चहा प्यायलो. त्यानं मला समोसाही खाऊ घातला. "सापडलं बे," म्हणाला. "जोडच ढिला होता."

त्याच संध्याकाळी रामाकोन्याहून अलकाबाईंना एक फोन आला होता. ते आम्हाला सोमवारी कळलं.

सोमवारी सकाळी पुन्हा तेच सुरू झालं. गजेंद्र मला घरून उचलून घेऊन गेला. काउंटरच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटत होत्या.

"हा कॉम्प्युटर मशीनले हाका मारून राहिला. एक ओळ म्हणजे एक उत्तर. मी तिकडे वायर काढतो. उत्तरं थांबली की मले आवाज दे."

तो जिन्याखाली गेला.

"काढली. थांबली?"

"नाही."

"नीट पाय ना बे."

"येऊन राहिल्या. अजून येऊन राहिल्या."

तो बाहेर आला. नव्या मशीनची वायर त्याच्या हातात होती, दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. पडद्यावर ओळी येतच होत्या. कोणीतरी उत्तर देत होतं.

त्यानं वायरीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा आत गेला. मी मागे गेलो. त्यानं जुन्या मशीनवरचा वाळलेला हार दोन बोटांनी बाजूला केला. खाली हिरवा दिवा होता. फ्रीजच्या आवाजात तिच्या पंख्याचा आवाज कोणाला आलाच नव्हता.

त्यानं बटण दाबून धरलं. दिवा गेला. तो तिथेच उकिडवा बसला.

"एकच पत्ता," तो म्हणाला. "दोन घरं."

मला वाटलं, चला, सापडलं. त्याच्या पाठीवर थाप मारायला मी हात वर केला होता.

"बुधवार," तो म्हणाला, आणि उठून मॅडमच्या खोलीकडे धावला.

जुनी मशीन जिथे थांबली होती तिथून पुढे नंबर वाटत होती. ते नंबर नव्या मशीननं मधल्या दोन बुधवारी दुसऱ्या माणसांना देऊन टाकलेले. कॉम्प्युटर कधी एकीकडे जात, कधी दुसरीकडे. गेल्या बुधवारी सगळे जुनीकडे गेले होते. नंबर तिनं दिले आणि आकडेही तिच्याकडेच लिहिले गेले. गुरुवारी गजेंद्रनं नवी मशीन बंद करून चालू केली तेव्हा सगळे तिच्याकडे वळले. गुरुवारी ज्यांनी नंबर सांगून आकडा विचारला, त्यांना दुसऱ्याच माणसाचा आकडा मिळाला.

मॅडमनी दोन्ही याद्या समोर ठेवल्या. दुहेरी नंबर एकोणीस निघाले. ब-६०५ ते ब-६२३.  "चारच्या वर आकडा गेला की मी स्वतः फोन करते," त्या म्हणाल्या. "पण त्या बुधवारचे आकडे जुनीतच राहिले, माझ्यासमोर आलेच नाहीत."

शेवटचा नंबर ब-६२३. मनकर्णा ढोबळे, रामाकोना. वय एकोणसाठ. तिचा खरा आकडा चार पॉइंट नऊ. नव्या मशीनमधला ब-६२३ सौंसरचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा आकडा एक पॉइंट सात.

मॅडमनी अलकाबाईंना फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हाव मॅडम, आला होता त्या बाईचा फोन. मीच सांगितलं, एक पॉइंट सात. म्हणाल्या, मग दीड गोळी घ्यायची ना? म्हटलं, चिठ्ठीत लिहिलं असल तसं करा." अलकाबाई थांबल्या. "का हो मॅडम?"

बाकीच्या अठरा जणांना मॅडम आणि काउंटरवरच्या मुली फोन करू लागल्या. अकराच्या आत सगळे लागले. कोणी गोळी बदललीच नव्हती, कोणाचा फरक थोडका होता. दोघांना लगेच तपासायला बोलावलं. ब-६२३ चा फोन बंद. तो तिच्या मुलाचा, प्रफुल्लचा. बोरगावच्या एका कारखान्यात तो कामाला होता. तिथे फोन गेटवर जमा करतात. अलकाबाईंनी रामाकोन्याच्या औषधाच्या दुकानदाराला सांगितलं. त्यानं माणूस पाठवला. घराला कुलूप होतं.

गजेंद्रनं गाडीची किल्ली घेतली.

पांढुर्ण्याहून सौंसर, तिथून पुढे रामाकोना. सव्वा तासाच्या रस्त्यात तो एकच वाक्य बोलला. "चार दिवस. चार वेळा दीड गोळी." मागे बसून मी ते ऐकलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता.

घराशी आम्ही पोचलो तेव्हा सून उर्वशी नुकतीच कुलूप काढत होती.

"आई वावरात आहेत. कापूस वेचून राहिल्या. मी भाकरी न्यायले आली."

गजेंद्रनं डोळे मिटले. मग विचारलं, "बऱ्या आहेत?"

"हाव. डोकं दुखते म्हणे सकाळपासून. काऊन?"

वावर गावाला लागूनच होतं. मनकर्णाबाई बांधावर, पळसाखाली बसल्या होत्या. कमरेला कापसाची ओटी बांधलेली. नाकाला पदर लावलेला. ओटीतल्या वरच्या कापसावर लाल ठिपके होते.

"कोण आलं वं उर्वशी?"

"लॅबमधून आलो माय," गजेंद्र खाली बसत म्हणाला. "ती गोळी आता घेऊ नका. आपल्याले दवाखान्यात जायचं आहे. आत्ता."

"आत्ता? अर्धी पाट वेचायची राहिली ना बाबू. नाकाचं तर उन्हानं होते." त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू काऊन घाबरला इतका? कोणाचा होय तू?"

"पांढुर्ण्याचा."

"पांढुर्ण्याहून आला? माझ्यासाठी?" त्या सुनेकडे वळल्या. "पाय वं. आपला प्रफुल्ल फोन उचलत नाही, अन् हा पांढुर्ण्याहून आला."

शेजारच्या वावरातल्या वामनभाऊंची गाडी मिळाली. मागच्या सीटवर गजेंद्र त्यांच्याशेजारी बसला, मी पुढे. सौंसर येईपर्यंत त्या बोलत होत्या. झडप बसवायला नागपूरला नेलं होतं त्याबद्दल. तिथल्या भाजीला मीठ नव्हतं त्याबद्दल. मध्येच त्यांनी गजेंद्रचा हात धरला आणि म्हणाल्या, तुझी माय भाग्याची. मग एक शब्द त्यांना सापडेना. दोनदा त्यांनी तो शोधला. मग उजवा हात त्याच्या हातातून घसरला.

सौंसरहून त्यांना लगेच नागपूरला पाठवलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. दिवाळीला चार दिवस होते.

मॅडम रामाकोन्याला जाऊन आल्या. त्यांनी लपवलं नाही. मशीनमध्ये गडबड झाली, आकडा चुकीचा गेला, असं त्यांनी प्रफुल्लला सांगितलं. लेखीही दिलं. यात खोटं काही नव्हतं. प्रफुल्ल म्हणाला, मशीनले कोण काय म्हणणार मॅडम. आणि विचारलं, तो पोरगा कोण होता, जो आईले घ्यायले आला? त्याले तेरवीले पाठवा.

"नको जाऊ," मी गजेंद्रला म्हणालो.

"बोलावलं आहे."

"मग जा. पण सांगू नको. काय फायदा? त्यांना कळणारही नाही."

त्यानं गाडी काढली. गाडीवर मी पुन्हा मागे बसलो.

रामाकोन्याला मांडवात आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. लोक एकमेकांना दाखवत होते. हाच तो. पांढुर्ण्याहून गाडी मारत आला. एका म्हाताऱ्यानं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आजकाल कोण करते बाबू इतकं, दुसऱ्याच्या मायसाठी?"

पानं मांडली गेली. पानावर मीठ पडलं. गजेंद्र उठला.

प्रफुल्ल मांडवाच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. डोक्याचे केस काढलेले. माझ्याच वयाचा.

"भाऊ, मशीनमध्ये गडबड नव्हती," गजेंद्र म्हणाला.

"मॅडम तर म्हणाल्या..."

"मशीन मी चालू केली. बंद ठेवायची होती. मीच चिठ्ठी लावली होती, चालू करू नये. अन् मीच केली."

"जाऊ दे ना. मशीन म्हटली की होते."

"नाही होत." गजेंद्रनं शेजारच्या ढिगातून दोन पत्रावळी उचलल्या आणि टाकीच्या काठावर ठेवल्या. "हे तुमच्या आईचं पान. हे सौंसरच्या एका मास्तराचं. दोन्ही पानांचा नंबर एकच. वाढणारा नंबर पाहून वाढते, तोंड पाहत नाही. मास्तराचं वाढण तुमच्या आईच्या पानात पडलं. एका नंबराचं एकच पान पाहिजे होतं. हे दुसरं मी मांडलं. दसऱ्याले. पूजेसाठी."

प्रफुल्लनं दोन्ही पत्रावळींकडे पाहिलं.  त्याला कळत होतं ते मला दिसत होतं. माझं म्हणणं चुकीचं ठरलं होतं.

"पूजेसाठी," तो म्हणाला.

"हाव."

"गुरुवारी मी घरी होतो. आईनं मले विचारलं, दीड घेऊ का? मी म्हटलं, लॅबवाले सांगून राहिले तर घे." त्यानं वरची पत्रावळ उचलली, दोन तुकडे केले, चार केले. तुकडे हातातच ठेवले. "मी तोडून दिली अर्धी गोळी. चारही दिवस."

 मांडवात कोणीतरी वाढप्याला हाक मारत होतं.

"आईच्या तेरवीचं पान सोडून उठत नसतात," प्रफुल्ल म्हणाला. "जेवून घे. मग जा. अन् या गावात पुन्हा येऊ नको."

गजेंद्र परत येऊन माझ्या शेजारी बसला. उर्वशी वाढत होती. तिला काही माहीत नव्हतं. तिनं त्याला आग्रहानं दोनदा कढी वाढली, वडे वाढले. "घ्या ना भाऊ. तुम्ही तर काहीच नाही घेतलं."

त्यानं सगळं घेतलं. मान खाली घालून, घास घास करून, पानावरचं मीठसुद्धा खाल्लं. पंगत उठली तरी तो जेवत होता.